आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी 500 रूमच्या करारावर सही करायची का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या व्यावसायिक संघटनेची आंतरराष्ट्रीय परिषद पहिल्यांदाच तुमच्याकडे आलीये, साधारण 1200 डेलिगेट येतील असा अंदाज आहे. परिषदेच्या सेंटरला लागून असलेल्या एका हॉटेल ग्रुपने त्यांच्या दोन हॉटेलांत मिळून 500 रूम, सलग 5 रात्री, 80 टक्के हमी असा करार पाठवलाय आणि आठवड्याभरात सही मागतायत. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो सही करून टाका नाहीतर रूम हातच्या जातील, दुसरा म्हणतो आपण या भानगडीत पडायचंच कशाला, आजकाल सगळे ॲपवरून आपापलं बुक करतात. आणि तुम्ही विचारताय की 500 हा आकडा बरोबर आहे का. शेवटी बोलावलेल्या वक्त्यांच्या रूमचं काय हेही विचारलंय, त्याचं शेवटी सांगते.

मी बरीच वर्षं परिषदांच्या निवासव्यवस्थेचंच काम करतेय, कधी संघटनेच्या बाजूने, कधी आयोजन कंपनीच्या बाजूने. 500 बरोबर की चूक ते जरा बाजूला ठेवा. या करारात खरं तर दोन वेगळे आकडे आहेत आणि ते एकत्र बांधून तुमच्यापुढे ठेवलेत. एक म्हणजे हॉटेलने तुमच्यासाठी किती रूम राखून ठेवायच्या. दुसरा म्हणजे त्यातल्या किती रिकाम्या राहिल्या की पैसे तुमच्या संघटनेने भरायचे, म्हणजेच ती 80 टक्क्यांची हमी. पहिला आकडा मोठा असला तर काही बिघडत नाही, दुसरा मोठा असला तर परिषद छान पार पडूनही संघटना तोट्यात जाऊ शकते. कमिटीतली भांडणं बहुतेक पहिल्या आकड्यावर होतात आणि दुसरा तसाच सही होऊन जातो.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते आधी कबूल करते, म्हणजे पुढचं सगळं त्या हिशोबाने वाचाल. शहरात हॉटेलं किती आहेत, तुमच्या तारखांना सीझन आहे की मंदी, त्याच आठवड्यात दुसरं मोठं प्रदर्शन किंवा मॅच आहे का, लोकांचा खर्च कंपनी करते की विद्यापीठ की स्वतःचा खिसा, किती जण लांबून विमानाने येणार आणि किती जण संध्याकाळी घरी परतणार, यातलं एकजरी बदललं तरी उत्तर बदलतं. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे मी विचार कसा करायचा ते सांगते, आकडे तुम्ही तुमचे घाला.

आधी दुसऱ्या तटाचं म्हणणं घेऊ, कारण ते अगदीच चुकीचं नाहीये. मोठं शहर, भरपूर हॉटेलं, मंदीचे दिवस आणि 200-300 माणसांची परिषद असेल तर मी स्वतः हमीचा करार करू नका म्हणून सांगते. अशा वेळी दोन-चार हॉटेलांकडून फक्त ठरलेला दर आणि बुकिंगची लिंक घ्यायची, रूम विकल्या गेल्या तर गेल्या, नाही तर नाही, कुणाचं कुणाला देणं नाही. पण 1200 माणसं एकाच आठवड्यात, तीही सेंटरच्या आसपास राहायला बघणारी, म्हटल्यावर गोष्ट वेगळी होते. हॉटेलांचे दर हल्ली मागणी बघून रोज बदलतात, तुमच्या तारखा जाहीर झाल्या आणि शोध वाढले की त्यांच्या सिस्टीमला ते लगेच दिसतं आणि दर चढतात. म्हणजे लोकांना मोकळं सोडलं तर जे लवकर बुक करतात त्यांना स्वस्त मिळतं आणि ज्यांची ऑफिसची मंजुरी उशिरा येते किंवा ज्यांचा पेपर शेवटच्या टप्प्यात स्वीकारला जातो, ते जास्त पैसे मोजतात नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात. शिवाय त्याच आठवड्यासाठी दुसऱ्या एखाद्या ग्रुपने हॉटेल उचललं तर तुमच्याकडे करायला काहीच उरत नाही. म्हणून या आकाराच्या परिषदेला ब्लॉक, म्हणजे राखून ठेवलेल्या रूमचा गठ्ठा, हवाच. प्रश्न फक्त कसा आणि किती एवढाच आहे.

किती, याचं गणित 1200 पासून सुरू करून उलटं खाली यायचं. समजा 1200 पैकी 350 त्याच शहरातले किंवा रोज ये-जा करणारे. राहिले 850. काही जण रूम शेअर करतील, म्हणजे धरा 800 रूम. त्यातले कुणी नातेवाइकांकडे राहणार, कुणी चार जण मिळून फ्लॅट भाड्याने घेणार, कुणाकडे एखाद्या हॉटेल साखळीचे पॉइंट साठलेत म्हणून तो तिथेच जाणार, कुणाच्या कंपनीचा ट्रॅव्हल एजंट ठरलेला असतो आणि त्याच्याबाहेर बुक केलं तर बिलच पास होत नाही. हे सगळे वजा केले की ब्लॉकमधून बुक करणारे 450-500 च्या आसपास उरतात, आणि तेही सगळे एकाच रात्री तिथे नसतात. कुणी उद्घाटनाला येऊन दुसऱ्या दिवशी जातो, कुणी फक्त आपल्या सेशनपुरता येतो. म्हणजे सगळ्यात गर्दीच्या रात्री 400 रूम. हे माझे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण 1200 वरून 400 वर येणं हे अजिबात विचित्र नाहीये.

मग तुमचे खरे आकडे आणायचे कुठून? आधीच्या यजमानांकडून. आंतरराष्ट्रीय संघटनांच्या परिषदा देशोदेशी फिरत असतात (आयसीसीए ही या क्षेत्रातली संस्था तर आपल्या मोजणीत किमान 3 देशांत फिरणाऱ्या परिषदाच धरते), त्यामुळे तुमच्या आधी कुणीतरी हे केलेलं असतंच. मुख्यालयाला लिहून मागच्या दोन-तीन परिषदांचा रात्रवार पिकअप रिपोर्ट मागा, म्हणजे कोणत्या रात्री ब्लॉकमधल्या प्रत्यक्ष किती रूम वापरल्या गेल्या ते. रजिस्ट्रेशनचा आकडा देऊन बोळवण करतील, तो घेऊ नका, त्यावरून राहण्याचं काही कळत नाही. किती डेलिगेट कोणत्या देशातून आले तेही मागा, कारण लांबून आलेला माणूस आधी एक रात्र आणि नंतर एक रात्र जास्त राहतो आणि शेजारून आलेला शेवटच्या दिवशी दुपारीच बॅग उचलतो. हा रिपोर्ट मुख्यालयाकडे नसेल तर आधीच्या शहरातल्या हॉटेलांकडे असतो, संघटनेच्या लेटरहेडवर विचारलं तर बऱ्याचदा देतात.

आता तुमच्या करारातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट सांगते, ती 500 नाहीये, ती "सलग 5 रात्री" आहे. कुठल्याच परिषदेला 5 रात्री सारखी गर्दी नसते. 500 गुणिले 5 म्हणजे 2500 रूम नाइट (एक रूम एका रात्रीसाठी म्हणजे एक रूम नाइट), त्याच्या 80 टक्के म्हणजे 2000 रूम नाइटची हमी तुम्ही देताय. आता वरच्या उदाहरणातला खराखुरा आकार बघा: पहिल्या रात्री 100, मग 300, मग 400, पुन्हा 400, शेवटच्या रात्री 200. बेरीज 1400. म्हणजे अंदाजातली सगळी माणसं राहायला आली तरी 2000 च्या हमीला 600 रूम नाइट कमी पडतात, आणि ते पैसे संघटनेच्या खात्यातून जाणार. ही काही फसवणूक नाहीये, हॉटेलच्या विक्री विभागाचा पहिला मसुदा असाच असतो, घासाघीस होणार हे त्यांनी धरलेलंच असतं. तुम्ही केली नाही तर तो त्यांचा दोष नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे ब्लॉक रात्रवार लिहून घ्या. दुसरं काम, हमी मोजायची कशी ते. हे फार महत्त्वाचं आहे आणि एका ओळीत लपलेलं असतं. समजा करार 1400 रूम नाइटचा झाला, हमी 80 टक्के, म्हणजे 1120. प्रत्यक्षात लोक राहिले असे: 60, 260, 370, 350, 100. बेरीज 1140. सगळ्या रात्रींची बेरीज धरून मोजलं तर तुम्ही हमीच्या वर आहात, एक पैसाही देणं नाही. पण करारात "प्रत्येक रात्री 80 टक्के" असं असेल तर पहिल्या रात्री 80 हवे होते आणि 60 झाले, 20 कमी, शेवटच्या रात्री 160 हवे होते आणि 100 झाले, 60 कमी, म्हणजे 80 रूम नाइटचं बिल. तीच माणसं, तेच हॉटेल, फक्त मोजायची पद्धत वेगळी. त्यामुळे "एकूण रूम नाइटवर" हे शब्द आल्याशिवाय मी कुणाला सही करू देत नाही, आणि हॉटेल त्याला फारशी खळखळ करतही नाही, पण आपणहून लिहूनही देत नाही.

त्याच कलमात अजून तीन गोष्टी मागायच्या. एक, कमी पडलेल्या रूमसाठी पूर्ण भाडं नाही, हॉटेलचा बुडालेला नफा एवढंच द्यायचं, कारण रिकाम्या रूमला ना साफसफाई लागते ना चादरी धुवाव्या लागतात ना नाश्ता. दोन, त्या रात्री हॉटेलने तुमच्या सोडलेल्या रूम दुसऱ्याला विकल्या असतील तर त्या तुमच्या देण्यातून वजा व्हायला हव्यात, हॉटेल फुल आणि तरीही तुमच्याकडून दंड असं व्हायला नको. तीन, तुमचे जे डेलिगेट ॲपवरून किंवा कंपनीच्या एजंटकडून त्याच हॉटेलात उतरलेत ते तुमच्या खात्यात मोजले जायला हवेत. हे तिसरं कमिटीतल्या त्या ॲपवाल्या तटाला मुद्दाम सांगा, कारण लोक बाहेरून बुक करणार हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, पण त्यावर उपाय ब्लॉक न करणं हा नसून ते बुकिंग मोजून घेणं हा आहे. पद्धत अशी की तुम्ही रजिस्ट्रेशनची नावं हॉटेलला देता आणि ते आपल्या उतरलेल्या पाहुण्यांशी ताडून फक्त आकडा सांगतात. मात्र यासाठी रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्येच लोकांना तसं सांगितलेलं असावं लागतं, युरोपातले डेलिगेट असतील तर विशेष करून, कारण तिथे 2018 पासून जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, लागू आहे आणि नावांची यादी अशीच कुणाला देता येत नाही.

आणि चौथी गोष्ट, ती मला वैयक्तिक सगळ्यात जास्त आवडते, फेरआढाव्याच्या तारखा. परिषदेच्या 12 महिने आधी, 6 महिने आधी, 3 महिने आधी, प्रत्येक टप्प्यावर ब्लॉकचा ठरावीक टक्का दंडाशिवाय परत करायची मुभा. लांबच्या तारखेला जास्त, जवळच्या तारखेला कमी. याचा फायदा असा की तुम्ही सुरुवातीला 400 राखून ठेवू शकता पण हमीचं ओझं हळूहळू, रजिस्ट्रेशन कसं येतंय ते बघत बघत अंगावर घेता. यासाठी तुम्ही दर आठवड्याला रजिस्ट्रेशन आणि बुकिंग शेजारीशेजारी मांडून बघणारा एक माणूस नेमा. कमिटीत असा माणूस बहुतेक वेळा नसतो, सगळ्यांना कार्यक्रमपत्रिकेतच रस असतो, आणि मग 6 महिन्यांची तारीख चुपचाप निघून जाते.

इथवरचं गोळा करायचं तर: रात्रवार ब्लॉक, एकूण रूम नाइटवर हमी, दंड नफ्यापुरता, विकलेल्या रूम वजा, बाहेरचं बुकिंग मोजलेलं, आणि टप्प्याटप्प्याने परत करायची सोय. हे सहा मुद्दे मिळाले तर हमी 80 टक्के आहे की 75 हा वाद मी फार ताणत नाही.

आता दराकडे येऊ, कारण डेलिगेट ओरडणार ते यावरूनच. हमखास येणारी मेल म्हणजे "तुमच्या अधिकृत लिंकपेक्षा ॲपवर तेच हॉटेल स्वस्त दिसतंय". बऱ्याचदा ते स्वस्त नसतंच, ॲपवरचा दर परत न मिळणाऱ्या पैशांचा असतो, नाश्ता धरलेला नसतो, टॅक्स शेवटच्या पानावर येतो, रूमही छोटी असते. पण काही वेळा खरंच स्वस्त असतं, आणि तेव्हा डेलिगेटला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून करारात लिहून घ्यायचं की तुमच्या तारखांना त्याच प्रकारची रूम त्याच अटींवर हॉटेलने कुठेही कमी दराने विकली तर तुमचा दरही तेवढा खाली यायला हवा. आणि लिंकच्या पानावर दरात काय काय आहे ते स्पष्ट लिहा: नाश्ता, टॅक्स, शहराचा पर्यटक कर असेल तर तो, वायफाय, किती दिवस आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं. अर्ध्या मेल तिथेच थांबतात.

एक नाजूक विषय. ब्लॉकच्या दरात बऱ्याचदा एजन्सीचं कमिशन असतं, साधारण 10 टक्के, आणि कधी कधी प्रत्येक रूम नाइटमागे संघटनेला परत मिळणारी रक्कमही असते, ती शटल बससाठी किंवा हॉलच्या भाड्यासाठी वापरतात. यात वाईट काही नाही, पण ते उघड असावं असं माझं ठाम मत आहे. डेलिगेटच्या भाड्यातून बस चालवताय तर तसं लिहा, लोक समजून घेतात. लपवलं आणि मग कुणीतरी हॉटेलात फोन करून खरा दर काढला की पुढच्या परिषदेपर्यंत ते बोलणं चालू राहतं. फुकट मिळणाऱ्या रूमचंही तसंच, साधारण 40 किंवा 50 भरलेल्या रूममागे एक अशी मिळते, ती कुणाच्या नावावर जाते ते कमिटीला माहीत असू दे. माझा सल्ला, ती वक्त्यांसाठी वापरा, पदाधिकाऱ्यांसाठी नाही.

आता एकाच ग्रुपच्या दोन हॉटेलांत सगळं ठेवण्याबद्दल. सोय आहे, मान्य, एकच करार, एकच माणूस. पण तुमचे 1200 लोक एका खिशाचे नाहीत. मोठ्या कंपनीचा सल्लागार आणि पोस्टर घेऊन आलेली संशोधक विद्यार्थिनी यांना एकाच दरात बसवायला गेलात की विद्यार्थिनी रजिस्ट्रेशनच रद्द करते. मी साधारण अशी मांडणी करते: सेंटरजवळचं एक मुख्य हॉटेल, जिथे पदाधिकारी, वक्ते आणि ज्यांना परवडतं ते राहतील, दोन-तीन मधल्या दराची, चालत किंवा थेट मेट्रोने जाता येईल अशी, आणि एक खरोखर स्वस्त पर्याय, विद्यापीठाचं वसतिगृह सुट्टीत मोकळं असेल तर उत्तम, नाहीतर साधं स्वच्छ हॉस्टेल. स्वस्त पर्यायात हमी देऊ नका, फक्त दर घ्या. आणि सगळ्यात जास्त रूम मधल्या गटात ठेवा, मुख्य हॉटेलात नाही, कमिटीचा नेहमी उलटा कल असतो कारण कमिटी स्वतः मुख्य हॉटेलात राहणार असते!

अंतराबद्दल एवढंच, चालत 15 मिनिटांच्या आत सगळ्यांना बसवता आलं तर शटल बस लागतच नाही, आणि बसचा खर्च धरला तर लांबचं स्वस्त हॉटेल बऱ्याचदा स्वस्त उरत नाही. आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठीच्या रूम प्रत्येक हॉटेलात किती आहेत ते आकड्यात विचारा, "सोय आहे" या उत्तरावर विश्वास ठेवू नका, दोनच असतात आणि त्याही आधीच गेलेल्या असतात.

तुमची संघटना डॉक्टरांची किंवा औषधांशी संबंधित असेल तर (तुम्ही लिहिलं नाहीये) अजून एक गोष्ट बघावी लागेल. युरोपातल्या औषध कंपन्यांच्या एफ्पिया या संघटनेच्या आचारसंहितेत चैनीसाठी किंवा करमणुकीसाठी ओळखल्या जाणाऱ्या जागा चालत नाहीत, त्यामुळे स्पा आणि गोल्फचं कौतुक वेबसाइटवर लावणाऱ्या रिसॉर्टमध्ये ब्लॉक घेतला तर कंपन्या तिथे कुणालाच पाठवणार नाहीत. आणि वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांनी, मेडटेक युरोपच्या नियमांनुसार, 1 जानेवारी 2018 पासून दुसऱ्यांनी भरवलेल्या परिषदांना एकेका डॉक्टरला थेट स्पॉन्सर करणं बंद केलंय, पैसे संस्थांना अनुदान म्हणून जातात. रूमच्या दृष्टीने याचा अर्थ, पूर्वी एक कंपनी 60 रूम एका झटक्यात घ्यायची, आता तेच लोक सुटे सुटे आणि उशिरा बुक करतात. जुन्या रिपोर्टवरून गणित करताना हे ध्यानात ठेवा.

कट-ऑफची तारीख, म्हणजे ज्या दिवशी न विकलेल्या रूम हॉटेल परत घेतं. साधारणपणे 30 दिवस आधीची मागतात, तुम्ही 21 मागा. व्हिसा लागणारे डेलिगेट असतील तर हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. शेंगेन देशांचंच, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचं, उदाहरण घ्या, तिथे प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आणि कमीत कमी 15 दिवस आधी अर्ज करता येतो आणि राहण्याच्या बुकिंगचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे माणसाला बुकिंग आधी हवं आणि व्हिसा मिळणार की नाही हे कळणार अगदी शेवटी, कदाचित कट-ऑफ उलटून गेल्यावर. म्हणून करारात असावं की व्हिसा नाकारल्याचं पत्र दाखवलं तर पैसे परत, आणि रद्द करण्याऐवजी नाव बदलायला कधीही परवानगी. नाव बदलायची मुभा हॉटेलला काहीच महाग पडत नाही आणि तुमच्या हमीचा आकडा वाचतो, कारण व्हिसा नाकारलेल्याच्या जागी वेटिंगवरचा माणूस बसतो.

बनावट एजंटांबद्दल आत्ताच सावध करते, कारण तारखा जाहीर झाल्या की हे येतातच. स्वतःला "परिषदेचे अधिकृत निवास भागीदार" म्हणवून प्रदर्शक कंपन्यांना आणि वक्त्यांना फोन-मेल करतात, रूम संपत आल्यात म्हणून घाई करतात, पूर्ण पैसे आगाऊ घेतात, आणि माणूस हॉटेलात पोचतो तेव्हा त्याच्या नावावर काहीच नसतं. प्रदर्शकांची यादी तुमच्याच वेबसाइटवरून उचललेली असते. उपाय साधा आहे, अधिकृत बुकिंग कुठून होतं आणि आम्ही कुणाला फोन करून रूम विकत नाही हे वेबसाइटवर, रजिस्ट्रेशनच्या पावतीवर आणि प्रदर्शकांच्या पहिल्याच मेलमध्ये ठळक लिहा. एकदा लिहून भागत नाही, दर मेलमध्ये लिहा.

परिषदच रद्द झाली तर काय हे कलम 2020 नंतर सगळेच वाचायला लागलेत. बार्सिलोनातली मोबाइल वर्ल्ड काँग्रेस ही मोबाइल उद्योगाची मोठी परिषद 12 फेब्रुवारी 2020 ला रद्द झाली आणि जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं ते 11 मार्चला, म्हणजे जवळपास महिनाभर नंतर. आपल्याला शिकायचं ते हे की ज्या दिवशी निर्णय घ्यावा लागतो त्या दिवशी सरकारी बंदी आलेली असेलच असं नाही. नुसतं "दैवी आपत्ती किंवा सरकारी आदेश" एवढंच लिहिलेलं कलम अशा वेळी अपुरं पडतं. त्यात "डेलिगेटांच्या मोठ्या भागाला प्रवास करणं शक्य नसेल तर" असं, आणि मोठा भाग म्हणजे किती टक्के तेही, लिहून घ्या, आणि भरलेली आगाऊ रक्कम परत मिळणार की पुढच्या तारखेला वळती होणार ते पण. हे कलम तरी वकिलाला दाखवाच.

तर आठवड्याभरात सही मागतायत त्याचं काय करायचं. सही करू नका, पण गप्पही बसू नका. हॉटेलला लेखी कळवा की तारखांवर आम्हाला पहिला हक्क हवा आहे आणि आम्ही सुधारित मसुदा अमुक तारखेला देतो, तीन-चार आठवडे मागा. मधल्या काळात दुसरं कुणी तुमच्या तारखा मागितल्या तर हॉटेल तुम्हाला कळवून 48 किंवा 72 तासांत उत्तर मागेल, ही रूढ पद्धत आहे आणि बहुतेक हॉटेलं मान्य करतात. तेवढ्यात जुने रिपोर्ट मागवा, त्याच परिसरातल्या अजून तीन-चार हॉटेलांकडून दर मागवा, आणि या ग्रुपकडे परत जा ते सगळ्यात गर्दीच्या रात्री साधारण 200-250 रूम असा, रात्रवार लिहिलेला प्रस्ताव घेऊन. बाकीच्या दुसरीकडे. माझ्या उदाहरणाच्या आकड्यांवरून सांगतेय हं, रिपोर्ट आले की बदला. ते म्हणतील 500 शिवाय हा दर देता येणार नाही, तेव्हा थोडा दर वाढवून हमी कमी करून घ्या, उलटं करू नका. थोडा वाढलेला दर सगळ्या राहणाऱ्यांत वाटला जातो, हमीचा दंड एकट्या संघटनेवर येतो.

आता वक्ते. त्यांच्या रूम डेलिगेटांच्या लिंकमधून करू नका, वेगळा छोटा गट करा आणि नावांची यादी तुम्हीच हॉटेलला द्या, येण्या-जाण्याच्या फ्लाइटसकट. रूम आणि टॅक्स संघटनेच्या खात्यावर, फोन-लॉन्ड्री-मिनीबार ज्याचं त्याने, हे यादीवरच लिहा आणि वक्त्यालाही आधी कळवा, म्हणजे काउंटरवर क्रेडिट कार्ड मागितलं की तो चिडणार नाही. पहाटे उतरणाऱ्यांना आदल्या रात्रीपासून रूम घेऊन ठेवा, नाहीतर चेक-इनच्या वेळेपर्यंत लॉबीत बसावं लागतं आणि दुपारी त्याचंच भाषण असतं. आणि मध्यरात्रीनंतर पोचणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे "उशिरा येणार, रूम सोडू नये" असं लिहून हॉटेलकडून उत्तर घ्या, कारण रात्री हॉटेलचा दिवसाचा हिशोब बंद होतो तेव्हा न आलेल्या पाहुण्याला नो-शो धरतात आणि काही ठिकाणी त्याचं पुढच्या सगळ्या रात्रींचं बुकिंगही आपोआप उडतं. तो पाहुणा रात्री अडीचला दारात उभा असतो आणि तेव्हा फोन तुम्हालाच येतो, तर रात्रपाळीच्या मॅनेजरचा थेट नंबर आधीच घेऊन ठेवा.